क्रिकेट तालुक्यात पोचलं, सीझन बॉल कुठे अडला?

स्क्वेअरलेग (धागाकर्ता)
भारतात क्रिकेट खेडोपाडी गेलं ते १९८३ मुळे, हे वाक्य आता पाठ्यपुस्तकी झालंय. २५ जून, लॉर्ड्स, आपले १८३, विंडीज १४० ला गारद, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लोगल्ली बॅटी. मला यातलं अर्धंच पटतं. टीव्हीनं हौस पोचवली हे मान्य. पण कोकणातली वाडी घ्या किंवा मराठवाड्यातला तालुका: शनिवार-रविवार टेनिस बॉलच्या स्पर्धा दणक्यात, चषक माणसाएवढे, मंडपात समालोचक, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. त्याच तालुक्यात सीझन बॉलवर (कातडी, कडक चेंडूवर) खेळायला एक धड विकेट, म्हणजे खेळपट्टी, सापडत नाही. राज्याच्या सोळा वर्षांखालच्या निवडीला मात्र सीझन बॉलच लागतो. खेळ गावात आला, खेळाडू व्हायची वाट शहरातच राहिली.

तर दोन प्रश्न. एक, आपल्याकडे क्रिकेट वाढलं त्याचं श्रेय नेमकं कशाला: टीव्ही, पैसा, असोसिएशन, की मैदानं? आणि दुसरा अगदी व्यवहारातला: तालुक्याच्या मैदानावर पहिली विकेट करायची तर टर्फ (माती-गवताची), सिमेंट की मॅट (काथ्याची चटई)? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

थर्डमॅन
पहिल्या प्रश्नावर दोनशे प्रतिसाद येणार, दुसऱ्यावर दोन. जागा पकडून बसलोय.

स्कोअरबुक
१९८३ च्या आधी खेळ लोकप्रिय नव्हता हे गृहीतकच कच्चं आहे. मुंबईत पारशांचा ओरिएंटल क्लब १८४८ चा. १८८६ आणि १८८८ ला त्यांचे संघ इंग्लंडला जाऊन आले. मुंबईत पारशी विरुद्ध युरोपियन सामने व्हायचे, १९०७ ला हिंदू संघ आल्यावर ते तिरंगी झाले, १९१२ ला मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी, १९३७ ला 'द रेस्ट' (उरलेल्या समाजांचा संघ) आल्यावर पंचरंगी. या सामन्यांना लोटणारी गर्दी पुढे कित्येक वर्षं रणजीला मिळाली नाही. धर्मावर उभी असलेली स्पर्धा म्हणून तिच्यावर टीकाही तेवढीच झाली आणि १९४६ ला ती बंद पडली, ते बरंच झालं.

धागाकर्त्याचा मैदानाचा मुद्दा मात्र जुनाच आहे. एस्प्लनेड मैदानावर गोऱ्यांचे पोलोचे घोडे पारशांच्या खेळाच्या जागेचा चोथा करायचे, त्यावरून १८८० च्या दशकात अर्जविनंत्यांची लढाई झाली. मरीन लाइन्सच्या जिमखान्यांच्या जागा त्यानंतरच्या. जागा हातात आली त्या समाजाचे संघ उभे राहिले.

आणि पाळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात विकेटची निगा राखणारा नोकर, नेटमध्ये साहेबाला बॉलिंग टाकता टाकता डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी. चांभार म्हणून चहा वेगळ्या भांड्यात, पण विकेटचा बाऊन्स त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता? हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना शेवटपर्यंत मिळालं नाही, ते १९२३ मध्ये त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

पव्हेलियन एंड
इतिहास छान, पण तो फोर्टातल्या दीड चौरस मैलाचा आहे. देशभर खेळ नेला तो प्रक्षेपणानं, यात वाद नको. १९८२ च्या आशियाई खेळांनी रंगीत टीव्ही आणला, पुढच्या दोन-तीन वर्षांत दूरदर्शनचे लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्यानं उभे राहिले, आणि नेमका त्याच काळात विश्वचषक हातात. १९८७ ला स्पर्धाच भारत-पाकिस्तानात, ६० ऐवजी ५० षटकांची. एका दिवसात निकाल आणि तो घरबसल्या.

खरी उडी १९९३ ची. हीरो कपाचे प्रक्षेपण हक्क बंगालच्या असोसिएशननं परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शन आणि सरकार आडवे आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. ९ फेब्रुवारी १९९५ चा निकाल: प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता, त्यावर सरकारी मक्तेदारी नाही. तिथून हक्क विकण्याचा धंदा सुरू झाला. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले, त्या आधीच्या पाच वर्षांचे १६,३४७.५ कोटींना. १९८३ च्या विजेत्यांना द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते, लताबाईंचा दिल्लीत कार्यक्रम ठेवून प्रत्येकी एक लाख उभे केले होते. चाळीस वर्षांतला फरक एवढा.

अंडरआर्म
@पव्हेलियन एंड, टीव्हीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. ज्या खेळीनं १९८३ वाचवलं, ती कपिलची टनब्रिज वेल्सची नाबाद १७५, तिचं चित्रीकरणच नाही.
😄

नभोवाणी
टीव्हीआधी आकाशवाणी होती हे सगळे विसरलात. १९७१ चे विंडीज आणि इंग्लंडमधले मालिका विजय महाराष्ट्रानं कानांनी पाहिले. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकून 'गोलंदाज', 'यष्टिरक्षक', 'धावचीत' हे शब्द घरातल्या आजीलाही पाठ झाले. इंग्रजी न येणाऱ्या घरात नियम शिरले ते या वाटेनं. आणि कानानं ऐकणाऱ्याला क्षेत्ररचना डोक्यात मांडावी लागते, त्यामुळे त्या पिढीला आजच्या प्रेक्षकापेक्षा खेळ जास्त कळायचा, असं माझं ठाम मत आहे. भांडा.

थर्डमॅन
नभोवाणी +१. भांडणार होतो, पण खरं आहे.

काळी माती
दुसऱ्या प्रश्नावर येतो, कारण पहिला चघळून कुणाच्या मैदानात रोलर येणार नाही.

टर्फ विकेट म्हणजे माती. गवत तिला फक्त बांधून ठेवतं. विकेटची लांबी २०.१२ मीटर, रुंदी ३.०५ मीटर. दोन्ही टोकांना गोलंदाजाचे पाय पडतात ती जागा धरून २४ बाय ३ मीटरचा पट्टा खणायचा, खोली साधारण ३५ सेंमी. तळाला खडी, त्यावर मुरूम आणि जाड रेती, आणि वरचे २० सेंमी चिकणमाती. वरच्या थराची माती हिशेबानं पाच ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) होते, पण दाबल्यावर ती बसते, म्हणून सात ब्रास मागवा. अर्ध्यात माती संपली आणि दुसऱ्या शेतातली आणून टाकली की विकेट गेलीच समजा. दोन मातींचं फुगणं-आकसणं वेगळं असतं, मधे आडवी फट पडते, वरून टणक दिसते आणि चेंडू गुडघ्याखाली बसतो.

माती निवडताना चिकणमातीचं प्रमाण निम्म्याहून जास्त हवं. घरगुती चाचणी: काचेच्या बरणीत माती, पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवायची आणि दिवसभर हलवायची नाही. तळाला रेती, मधे गाळ, वर चिकण, थर उघड दिसतात. दुसरी चाचणी गोट्यांची: मातीच्या गोट्या वळून सावलीत पूर्ण वाळवायच्या आणि टाचेखाली दाबायच्या. भुगा झाला तर ती माती नको.

काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ते चाळून काढायचेच. एक हरभऱ्याएवढा खडा गुड लेंथवर (चांगल्या चेंडूचा टप्पा पडतो त्या पट्ट्यात) राहिला तर वर्षभर तिथून चेंडू हनुवटीवर येईल.

माती एकदम ओतायची नाही. इंचभराचा थर, ओलावा द्यायचा (चिखल नको), दाबायचा, मग दाताळ्यानं वरचा भाग खरवडायचा आणि पुढचा थर. खरवडलं नाही तर थर एकमेकांना धरत नाहीत. सात-आठ थर होतात. घाई करणारे दोन थरांत उरकतात आणि मग क्युरेटरला (विकेट सांभाळणाऱ्याला) शिव्या देतात.

स्क्वेअरलेग
@काळी माती, दंडवत. लाल माती की काळी?

काळी माती
जवळ मिळेल ती, पण एकच. लाल माती (वानखेडे, चेपॉक) लवकर वाळते, उसळी चांगली, पण वरचा पापुद्रा सुटतो आणि तिसऱ्या दिवसापासून फिरकीला हात देते. काळी ओल धरते, चेंडू संथ आणि खाली राहतो, वाळली की भेगा रुंद पडतात पण ढेकळं घट्ट असतात. तालुक्यात एकदिवसीय सामनेच होणार, त्यामुळे चौथ्या डावाची चिंता करू नका. ट्रकनं दोनशे किलोमीटरवरून लाल माती आणण्यापेक्षा शेजारच्या शेतातली चाळलेली काळी बरी.

गवत हरळीच. शेतकरी ज्याला आयुष्यभर उपटतो तेच इथे लावायचं.

बांधावरून
बाबा म्हणतील, एवढी हरळी फुकट नेऊन लावताय तर आमचंही शेत घ्या.

काथ्या
मॅटबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. भारतातलं निम्मं क्रिकेट मॅटिंगवर वाढलंय. ऑक्टोबर १९५२ ची लखनौची कसोटी तागाच्या मॅटवर झाली आणि पाकिस्तानच्या फजल महमूदनं बारा बळी घेऊन आपल्याला डावानं हरवलं. जसू पटेल हा मॅटिंगचा ऑफस्पिनर म्हणून ओळखला जायचा, आणि १९५९ ला कानपूरच्या नव्या टर्फवर त्यानं ऑस्ट्रेलियाचे एका डावात ६९ धावांत ९ बळी घेतले, सामन्यात १४. मॅटवर चेंडू पकडतो आणि उसळतो. त्यामुळे कट आणि पुल लवकर येतात, पुढे येऊन खेळायची सवय मात्र लागत नाही. टर्फवर गेल्यावर असा फलंदाज पायचीत होतो.

मॅट टाकायची रीत: खाली मुरमाचा किंवा दाबलेल्या मातीचा पट्टा एकसारखा हवा, कारण मॅट खड्डा झाकते, भरत नाही. एक टोक आधी पक्कं करायचं, मग दुसऱ्या टोकानं चार-पाच जणांनी ओढून ताण द्यायचा, शेवटी दोन्ही बाजूंनी साधारण दोन-दोन फुटांवर लोखंडी खिळे. खिळ्याचं डोकं काथ्याच्या पातळीखाली गेलंच पाहिजे. ताण कमी पडला की सुरकुती पडते, आणि सुरकुतीवर पडलेला चेंडू सरपटत जातो किंवा काटकोनात वळतो, दोन्ही वाईट. खेळ संपला की गुंडाळून, उभी करून, कोरड्या जागी. ओली गुंडाळली की एका पावसाळ्यात कुजते.

स्लिपमधला
टेनिस बॉलला इतकं हिणवायचं कारण नाही. उमेश यादव (खापरखेडा) आणि टी. नटराजन (सेलम जिल्ह्यातलं चिन्नप्पमपट्टी) वयाच्या विशीपर्यंत टेनिसवरच होते. २०२४ च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची व्यावसायिक लीगही सुरू झाली. पैसा तिथेही आहे.

नेट बॉलर
@स्लिपमधला, तुम्ही दिलेली दोन्ही नावं वेगवान गोलंदाजांची आहेत. हा योगायोग वाटतो का?

साधा टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास, स्पर्धांतला 'हेवी टेनिस' शंभराच्या आगेमागे, सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅम. हलका चेंडू हवेत मरतो, त्याला वेग द्यायचा तर खांदा आणि हात भन्नाट फिरावा लागतो. मैदान छोटं, षटकं सहा-आठ, फलंदाज प्रत्येक चेंडू उचलणार, म्हणून यॉर्कर घोटून तयार होतो. हे दोन्ही गुण सीझन बॉलवर जसेच्या तसे चालतात. शिकायची उरते ती शिवण: दोन बोटं शिवणीच्या दोन्ही अंगांना, अंगठा खाली, मनगट चेंडूच्या मागे. सहा महिने चिकाटीनं केलं तर येतं. शरीराचं मात्र सांभाळावं लागतं, कारण जवळपास तिप्पट वजनाचा चेंडू त्याच झटक्यानं दिवसाला पंधरा षटकं टाकला की आधी खांदा आणि मग कंबर तक्रार करते. पहिले दोन महिने नेटमध्ये रोज चार-पाच षटकांवर नको.

फलंदाजाचं उलटं. टेनिस बॉल गुड लेंथवरून कमरेपर्यंत येतो, म्हणून पुढचा पाय बाजूला काढून आडव्या बॅटनं मारायची सवय हाडीमाशी खिळते. अंगाला लागण्याची भीती नाही, त्यामुळे चेंडूच्या रेषेत यायची गरज नाही. बचाव तर त्या खेळात गुन्हाच. सोळाव्या वर्षी हे सगळं पुसून सरळ बॅट शिकवायची म्हणजे पाटी कोरी नसून तेलकट असते, काही उमटत नाही. यष्टिरक्षकाचंही तेच: टेनिसला तो हात कडक ठेवून पकडतो, सीझन बॉलला तसं केलं तर बोट गेलं.

म्हणून गावाकडून वेगवान गोलंदाज येतात आणि फलंदाज क्वचित. वयाच्या बारा-तेरापर्यंत सीझन बॉल हातात पडला तरच फलंदाज घडतो.

बॅटवाला
बॅटीचंही लिहायला हवं. टेनिसच्या बॅटीला मागून खोल कोरलेलं असतं (स्कूप), वजन कमी आणि खाली जाड. तीच बॅट घेऊन मुलं सीझन बॉलच्या नेटला येतात आणि दुसऱ्या दिवशी खालच्या टोकाशी फाटलेली घेऊन दुकानात. तिचा चेहरा सीझन बॉलसाठी दाबलेला नसतो, आणि कोरल्यामुळे मागे लाकूड उरत नाही.

सुरुवातीला काश्मीर विलो पुरे. अनंतनाग जिल्ह्यात महामार्गालगत संगमच्या आसपास कारखान्यांची रांग आहे, देशातल्या बहुतेक मुलांची पहिली बॅट तिथली. घेतल्यावर जवसाचं तेल बोटानं पातळ फिरवायचं, चेहरा आणि कडा, स्टिकर आणि दांड्याचा सांधा सोडून. आडवी ठेवून रात्रभर मुरू द्यायचं. मग लाकडी हातोडीनं ठोकायचं: आधी हलक्या हातानं, रोज थोडं, एकूण चार-पाच तास, कडांना सरळ मारायचं नाही, ४५ अंशातून गोलाई आणायची. त्यानंतर जुन्या, मऊ पडलेल्या चेंडूवर दोन-तीन नेट, मग नवा चेंडू. तेल जास्त झालं तर बॅट जड आणि मुकी होते. 'जितकं तेल तितकी ताकद' हे कुणी पसरवलंय देव जाणे.

आझाद मैदान
एवढं सगळं वाचून एकच म्हणतो, आझाद मैदानावर २२ विकेट एकमेकींना चिकटून आहेत, एकाचा कव्हर दुसऱ्याच्या मिडविकेटला उभा. शारदाश्रमच्या सचिन-विनोदची ६६४ ची भागी तिथलीच. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात, न झाकलेल्या विकेटवर. मुंबईची ४२ रणजी विजेतेपदं, १९५८-५९ पासून सलग १५, आकाशातून पडली नाहीत. विकेट असली की खेळाडू आपोआप.

सदाशिव पेठी
@आझाद मैदान, आकडे काढायचेच तर डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर. काठियावाडचा संघ डाव सोडून घरी निघून गेला. मुंबईकर असते तर विक्रमासाठी लोकलनं परत आणले असते.

आझाद मैदान
निदान आम्ही चहाला तरी थांबवलं असतं. 😂

जामठा रोड
मुंबई-पुणे संपलं असेल तर जरा पूर्वेकडे बघा. विदर्भ कित्येक दशकं रणजीत भरतीचा संघ होता. २०१७-१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिलं विजेतेपद, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि २०२४-२५ ला तिसरं. हे फक्त प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांच्या शिस्तीचं किंवा वसीम जाफरच्या अनुभवाचं काम नव्हतं. जामठ्याचं स्टेडियम २००८ चं, पण त्याहून महत्त्वाची निवासी अकादमी: लहान गावातला मुलगा नागपुरात राहून वयोगटाचं क्रिकेट खेळू शकला. 'विकेट असली की खेळाडू आपोआप' हे अर्धसत्य आहे. विकेट आणि राहायची सोय. तालुक्यातल्या मुलाचा खर्च प्रवासात आणि खोलीच्या भाड्यात जातो, बॅटीत कमी.

घटना दुरुस्ती
असोसिएशनचा मुद्दा कुणीतरी मांडायला हवा. क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीच्या शिफारशींवर सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २०१६ ला शिक्कामोर्तब केलं, 'एक राज्य एक मत' आलं. त्यात आपल्या राज्यातल्या तीन संघटनांची, मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ, पंचाईत झाली. ऑगस्ट २०१८ ला ती अट शिथिल होऊन तिघींना मत परत मिळालं. त्याच हंगामात रणजीत नऊ नवे संघ आले, एकूण ३७: बिहार, उत्तराखंड, पुद्दुचेरी आणि ईशान्येकडचे सहा. पहिल्या वर्षी एकतर्फी सामन्यांवरून खूप टिंगल झाली. पण संघ नसेल तर जिल्ह्यातल्या मुलानं निवडचाचणी द्यायची कुठे? दर्जा नंतर येतो, रांग आधी लागावी लागते.

पैशाचंही: २०२१ पासून रणजीचं मानधन अनुभवाप्रमाणे दिवसाला ४०, ५० आणि ६० हजार. चार दिवसांचे सामने, हंगामाला सात-आठ. नोकरी न करता क्रिकेट खेळता येईल असं पालकांना वाटायला हा आकडा आयपीएलपेक्षा जास्त कामाचा.

मिड-ऑन
मुली कुठेत या धाग्यात? १९७३ ला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यातच झाली, तीन संघ: मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. पहिली कसोटी १९७६ ला. मंडळाच्या छत्राखाली यायला २००६ उजाडलं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक. स्मृती मंधाना सांगलीची, म्हणजे तुमच्या 'शहरातच वाट' या सिद्धांताला थोडा तडा.

व्यवहाराचं सांगायचं तर महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा आणि आकारानंही लहान. तालुक्यात मुली मुलांच्याच चेंडूनं सराव करतात. बोटं छोटी असल्यानं फिरकीची पकड चुकीची बसते आणि ती नंतर सुटत नाही. अकादमीवाल्यांनी खोक्यात अर्धा डझन लहान चेंडू ठेवणं एवढंसं काम आहे. आणि कपडे बदलायला दार लागणारी खोली. तिच्याअभावी चौदाव्या वर्षी गळती होते, खेळातल्या रसाअभावी होत नाही.

स्क्वेअरलेग
@मिड-ऑन, तडा मान्य. खोलीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, तो यादीत वर घेतो.

@नेट बॉलर यांचं 'बारा-तेरापर्यंत सीझन बॉल' हे वाक्य वाचल्यावर माझा दुसरा प्रश्न बदलतो. सामन्यापेक्षा सरावाला विकेट हवी. मग टर्फ आधी करण्यात अर्थ आहे का?

काळी माती
नाही. टर्फचा माणूस असून सांगतो. एका टर्फ विकेटवर सामना झाला की तिला दोन-तीन आठवडे विश्रांती लागते: गोलंदाजांच्या पायांचे खड्डे ओल्या चिकणमातीनं भरून ठोकायचे, झाडायची, पाणी, गवत पुन्हा धरेपर्यंत थांबायचं. एकाच पट्टीवर रोज संध्याकाळी तीस मुलं नेट करायला लागली तर आठवड्यात तिचं शेत होतं. टर्फ करायची तर शेजारी शेजारी किमान तीन पट्ट्या. त्याला पाणी, दीड टनाचा रोलर आणि रोज येणारा एक माणूस. या तिघांतलं एक नसेल तर सुरुवातच करू नका.

आणि बोअरचं पाणी आधी तपासा. खारट पाण्यानं पांढरा पापुद्रा धरतो, हरळी पिवळी पडते आणि दोष मातीला दिला जातो.

ठेकेदार नाही
मग सिमेंटचं मी सांगतो. काळ्या जमिनीवर थेट काँक्रीट ओतायचं नाही. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पहिल्याच वर्षी स्लॅब मधोमध तडकतो. दीड फूट काळी माती काढून टाका, मुरूम थराथरानं पाणी मारून दाबा, त्यावर चार इंच काँक्रीट. सांधा द्यावाच लागतो, तो विकेटच्या मधोमध द्या, गुड लेंथच्या पट्ट्यात कधीच नको. रुंदीला एका बाजूला ३ सेंमीचा उतार, पाणी साचू नये म्हणून. त्याहून जास्त दिला तर प्रत्येक चेंडू एकाच दिशेला सरकेल आणि गावात अचानक दहा लेगस्पिनर तयार झाल्याचा भास होईल.

वरचा पृष्ठभाग आरशासारखा घोटू नका, दवात चेंडू घसरतो. फार खरखरीत ठेवला तर चार षटकांत चेंडूची शिवण सुटते. लाकडी थापीचा हात पुरे. तीन आठवडे पाणी मारा. त्यावर काथ्याची किंवा कृत्रिम गवताची मॅट, सरावाला टू पीस (कातड्याचे दोन तुकडे शिवलेला) चेंडू. फोर पीस सामन्यासाठी राखून ठेवा.

काथ्या
वरच्या प्रतिसादाला एक जोड: सिमेंटवर मॅट टाकणार असाल तर दोन्ही टोकांना आणि कडेनं कड्या काँक्रीट ओतण्याआधीच बसवून घ्या. नंतर ड्रिल मारून बसवलेल्या सहा महिन्यांत सैल होतात आणि तिथून तडा सुरू होतो. गोलंदाजाच्या पाय पडण्याच्या जागी काँक्रीट नकोच, तिथे दाबलेला मुरूम किंवा माती. स्लॅबवर रोज पाय आपटून चौदा वर्षांच्या मुलांच्या नडग्या आणि टाचा जातात.

नभोवाणी
आम्हाला पहिला प्रश्न आठवतोय अजून.

पव्हेलियन एंड
@नभोवाणी, मलाही. मत थोडं सरकलंय. टीव्हीनं गिऱ्हाईक तयार केलं, यावर ठाम आहे. पण प्रक्षेपणाच्या पैशातून असोसिएशनांना मिळालेला वाटा जिथे अकादमी, प्रवास आणि विकेटवर खर्च झाला तिथेच खेळाडू आले. जिथे तो फक्त स्टेडियमच्या खुर्च्यांवर गेला तिथे प्रेक्षकच राहिले. धोनीचंच बघा: २००२ ला मंडळानं छोट्या केंद्रांवर निरीक्षक पाठवायची योजना काढली, त्यातल्या प्रकाश पोद्दारांनी २००३ मध्ये जमशेदपूरला त्याला हेरलं. टीव्हीनं नाही, तिथवर रेल्वेनं गेलेल्या माणसानं.

स्कोअरबुक
रेल्वेनं गेले की विमानानं हे कुणी पाहिलंय? बाकी सहमत.

स्क्वेअरलेग
तर सध्याचा आराखडा: पहिल्या वर्षी सिमेंटच्या दोन पट्ट्या, मॅट, जाळी आणि दार लागणारी खोली. पाणी आणि माणूस पक्का झाला तर पुढे तीन टर्फ पट्ट्या. @काळी माती, टर्फचं काम कुठल्या महिन्यात काढायचं?

काळी माती
फेब्रुवारीत खणायला घ्या, एप्रिलअखेर थर पूर्ण. हरळीचे तुकडे जूनच्या पहिल्या सरींवर, बोटभर अंतरानं. पावसाळाभर फक्त कापणी आणि तण काढणं, रोलर हलका. ऑक्टोबरपासून जड रोलर. ओल बघून फिरवायचा: माती रोलरला चिकटत असेल तर थांबा, नाहीतर लाटा उठतात, अंगठा अजिबात रुतत नसेल तर उशीर झालाय, वरून चकाकी येईल आणि आतून सैलच राहील. नोव्हेंबरअखेर पहिला सामना.

आणि रोलर उभा करायची जागा विकेटपासून लांब. डिझेलचा एक थेंब पडला की तिथली हरळी वर्षभर येत नाही, आणि तो थेंब नेमका गुड लेंथवरच पडतो.